गोझे करावी की राउखबिअर?

घरी काहीतरी वेगळी बिअर करायचीच, असं मित्राने आणि मी ठरवलं. अडलं ते निवडीवर. त्याला जर्मनीतल्या बाम्बर्गची धुरकट राउखबिअर हवी होती, मला जर्मनीतल्याच गोस्लार गावाचं नाव लावणारी, लाइपझिगमध्ये रुजलेली आंबट-खारट गोझे.

राउखबिअरला कसब कमी, धीर जास्त लागतो. बीच झाडाच्या लाकडाची धुरी दिलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, तयार मिळतं. पण लागर यीस्टसाठी (थंडीत आंबवणारं यीस्ट) १० ते १२ अंश तापमान सांभाळायचं आणि पुढे काही आठवडे थंडीत मुरवायचं. फ्रिजमध्ये तेवढी जागा नसेल तर या भानगडीत पडू नका.

गोझेचा खटाटोप वेगळा. माल्टमध्ये निम्मा गहू. उकळण्याआधी वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड काढ्यात, लॅक्टोबॅसिलस हे आंबवणारे जिवाणू सोडून ते ३५ ते ४० अंशांवर दिवस-दीड दिवस झाकून ठेवायचं. पीएच (जितका कमी, तितकं आंबट) ३.४ च्या आसपास उतरला की उकळी द्यायची, म्हणजे जिवाणू मरतात. शेवटी भरडलेले धणे आणि मीठ. पहिल्या खेपेला मी २० लिटरला मूठभर मीठ अंदाजानेच टाकलं. मित्राने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "ही गुळण्यांना ठेव." आता काट्यावर मोजून १५ ग्रॅम, बस्स.

चवीला बसताना गोझे आधी घ्या. उलट केलंत तर जिभेवर नुसता धूरच राहतो. राउखबिअर मला दुसऱ्या पेल्यापासून आवडू लागते, हे कबूल. तरी नवख्याला मी गोझेच सुचवेन. मित्र अजूनही ऐकत नाही.