गाले की लालिक?

फ्रेंच शोभेची काच म्हटली की दोन नावं हमखास निघतात: नान्सी शहरातला एमिल गाले (१८४६–१९०४) आणि रने लालिक (१८६०–१९४५).

गाले वनस्पतिशास्त्राचा जाणकार. काचेवर वेगळ्या रंगाच्या काचेचे थर चढवायचे, मग आम्लानं किंवा फिरत्या चाकानं नको तेवढं काढून टाकायचं. उरतात ती फुलं, पानं, चतुर. मातीची झिलईदार भांडीही त्यानं केली, पण जीव काचेतच. मात्र सही पाहून हुरळू नका. तो गेल्यावरही कारखाना बरीच वर्षं चालला आणि ‘गाले’ ही सही चालूच राहिली. नावाशेजारी चांदणी असेल, तर फुलदाणी त्याच्या मृत्यूनंतरची.

लालिक मूळचा जवाहिऱ्या. कोटी नावाच्या अत्तरवाल्यासाठी बाटल्या केल्या, १९२१ मध्ये आल्झासमधल्या विंगेनला कारखाना काढला. त्याचं काम साच्यातलं, म्हणून एकाच नमुन्याच्या अनेक प्रती. रंग बेताचा, सगळा खेळ दुधी काचेत अडकणाऱ्या उजेडाचा. सहीत ‘आर’ हे आद्याक्षर असेल तर नग बहुधा १९४५ पूर्वीचा.

खिडकीत ठेवायला मी लालिक घेईन. हातात धरून तासभर न्याहाळायला मात्र गालेच, तोही चांदणीआधीचा, परवडला तर!