फोर-बाय-फोर असताना हिवाळी टायर कशाला? ब्लिझॅक डीएम-व्ही२ एक अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

गाडी टोयोटा फोररनर, टीआरडी ऑफ-रोड. टायर ब्रिजस्टोन ब्लिझॅक डीएम-व्ही२, साइज २६५/७० आर१७. मुक्काम कॅनडातलं कॅल्गरी. ऑक्टोबरच्या मध्यात बसवले, एप्रिल संपता संपता उतरवले. मधल्या काळात ऑफिसची रोजची ये-जा, बॅन्फ-गोल्डनकडच्या फेऱ्या आणि शहराच्या वायव्येला वायपरस-घोस्ट भागातले जंगलरस्ते, असं सगळं झालं. त्यामुळे आता चार गोष्टी खात्रीने लिहिता येतील.

इथे चार मराठी माणसं जमली आणि गाड्यांचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो: "तुझी तर फोर-बाय-फोर आहे, तुला कशाला हवेत वेगळे टायर?" फोर-बाय-फोरचं काम गाडी जागची हलवण्याचं आणि चढ चढवण्याचं. थांबवण्याचं नाही. ब्रेक काय, मारुती आठशेलासुद्धा चारी चाकांना असतात. उलट फोररनरसारखी दोन टनांच्या वरची गाडी सिग्नलवरून झोकात निघते, म्हणून चालवणाऱ्याला वाटतं रस्ता ठीक आहे. तो ठीक नाही हे पुढच्या सिग्नलला कळतं.

त्यात माझ्या गाडीची फोर-व्हील पार्ट-टाइम आहे. म्हणजे एच४ (फोर-व्हीलचा नेहमीचा गिअर) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. निसरड्या रस्त्यावर ते चालतं, कारण चाकं थोडी घसरून फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर वळताना मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, ते कापू दिलं जात नाही आणि गाडी अडखळत, कुरकुरत वळते. ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो तो वेगळाच. आता कॅल्गरीचे रस्ते कसे असतात? शहरातल्या डिअरफूट हायवेवर दोन किलोमीटर कोरडं डांबर, मग पुलावर बर्फाचा पातळ पापुद्रा, मग परत कोरडं. अशा रस्त्यावर एच४ लावून ठेवता येत नाही. त्यामुळे हिवाळ्यातला बहुतेक वेळ ही रांगडी गाडी निव्वळ मागच्या दोन चाकांवर चालत असते, आणि मागचं टोक कधी बाजूला सरकेल याचा भरवसा नसतो. सगळी भिस्त उरते ती टायरवर. ज्यांच्याकडे फुल-टाइम किंवा ऑल-व्हील गाडी आहे त्यांना हा मुद्दा तितका लागू नाही, थांबण्याचा मुद्दा मात्र तेवढाच लागू आहे.

याआधी गाडीवर ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे, टायर होते. जाड बटणांचे (म्हणजे नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांचे), दिसायला एकदम भारी, आणि बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह. या चिन्हाबद्दल बराच गैरसमज आहे. ते १९९९ साली आलं, आणि ते मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर पुढे खेचण्याची परीक्षा द्यावी लागते, एका ठरवून दिलेल्या साध्या टायरशी तुलना करून. कडक, गुळगुळीत बर्फावर ब्रेक मारून किती अंतरात थांबतो, हे त्या परीक्षेत तपासतच नाहीत. नुसतं 'एम+एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्याला तेवढाही आधार नाही, तो केवळ नक्षीतल्या मोकळ्या जागेचा हिशोब. म्हणजे चिन्ह खरं आहे, पण आपण त्यातून जो अर्थ काढतो तो बहुतेक वेळा जास्तीचा असतो. भुसभुशीत बर्फ खणायला ऑल-टेरेनची मोठी बटणं छान. काचेसारख्या बर्फावर त्याच बटणांचं कडक रबर नुसतं सरकतं.

हिवाळी टायरचं खरं भांडवल त्याच्या रबरात असतं. साधं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि उणे वीसला तर नख रुतत नाही. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही लवचिक राहतं. ब्लिझॅकच्या रबरात शिवाय सूक्ष्म पोकळ्या असतात. बर्फ निसरडा होतो तो त्याच्यावरच्या पाण्याच्या पातळ थरामुळे, आणि हा थर त्या पोकळ्यांमध्ये शोषला जातो. वर प्रत्येक बटणावर नागमोडी बारीक चिरा. टायर हातात घेऊन अंगठ्याने बटण बाजूला ढकललं की या चिरा उघडताना स्पष्ट दिसतात, आणि ऑल-टेरेनचं बटण तेवढ्या जोराला हलतसुद्धा नाही. दुकानात हे करून बघा, विक्रेत्याच्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा जास्त कळेल.

जाता जाता सांगतो, या टायरांच्या मागची गोष्ट जपानची आहे. तिथल्या उत्तरेकडच्या शहरांत खिळ्यांचे टायर सर्रास वापरले जायचे. खिळ्यांनी रस्ते खरवडले जाऊन एवढी धूळ उडायची की सेंदाईसारख्या शहरात लोक हैराण झाले. १९८८ मध्ये ब्लिझॅक बाजारात आला आणि १९९० साली खिळ्यांच्या टायरांविरुद्ध कायदाच झाला. अल्बर्टात, म्हणजे कॅल्गरीच्या प्रांतात, खिळे आजही वर्षभर चालतात. मी ते घेतले नाहीत, कारण माझं निम्मं ड्रायव्हिंग कोरड्या डांबरावर आणि तिथे खिळे नुसता कडकडाट करतात. रोज कच्च्या, बर्फ घट्ट बसलेल्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने खिळ्यांचा विचार जरूर करावा. हिवाळी टायर म्हटलं की इथे सगळे आधी फिनलंडच्या हाक्कापेलीटाचं नाव घेतात. तो मी मनातून काढला नव्हता, पण माझ्या साइजमध्ये ब्लिझॅक लगेच मिळत होता आणि किंमत बसत होती.

आता प्रत्यक्ष अनुभव. सुरुवातीचे काहीशे किलोमीटर फार अपेक्षा ठेवू नका. नवीन टायरवर साच्यातला तेलकटपणा असतो, तो घासून निघाला की पकड येते. त्यानंतरचा फरक सांगायचा तर ब्रेकच्या पेडलमध्ये सांगतो. आमच्या सोसायटीतून मुख्य रस्त्याला लागताना एक उतार आहे, खाली स्टॉपची पाटी. थांबणाऱ्या गाड्यांनी तिथला बर्फ घासून घासून लख्ख केलेला असतो. ऑल-टेरेनवर तिथे एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली खडखडायला लागायचं ते पाटीपर्यंत खडखडत राहायचं. या टायरवर ते एक-दोनदा टकटक करतं आणि गाडी थांबते. मुद्दाम जोरात दाबलं तर अर्थातच अजूनही घसरते, शेवटी बर्फ तो बर्फच.

उणे तीसची थंडी लोकांना घाबरवते, पण टायरची कसोटी तिथे लागत नाही. एवढ्या थंडीत बर्फ कोरडा असतो आणि त्यावर पकड बऱ्यापैकी मिळते. खरा वैताग चिनूकचा. रॉकीजवरून हे गरम वारं उतरलं की काही तासांत पारा शून्याच्या वर जातो, रस्त्यांवर पाणी वाहायला लागतं, आणि रात्री तेच पाणी गोठतं. शून्याच्या आसपासचा हा ओला बर्फ सर्वांत घातकी. पोकळ्यांचं रबर मला इथेच वसूल झालं. चिनूकची दुसरी बाजूही आहे. दुपारी १० अंश आणि कोरडा रस्ता असला की हा टायर लिबलिबीत वाटतो. लेन बदलताना स्टीअरिंग आधी वळतं, गाडी किंचित मागून येते. हायवेवर जोरात वारा असेल तर हे जास्त जाणवतं, फोररनर उंच असल्यामुळे अजूनच. हा या एका टायरचा दोष नव्हे, मऊ रबर आणि खोल चिरा हव्यात तर ही किंमत मोजावीच लागते. पातळ चिखली बर्फात, ज्याला इथे स्लश म्हणतात, तो ठीकठाक आहे. २६५ची रुंदी तिथे आड येते. बरेच जण हिवाळ्यासाठी २४५/७५ आर१७ घेतात. उंची जवळपास तेवढीच भरते, ८०३च्या जागी ७९९ मिलिमीटर, आणि अरुंद टायर स्लश कापत खाली जातो. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी त्या साइजमध्ये काय काय मिळतं ते आधी बघेन.

बॅन्फच्या पुढे किकिंग हॉर्स खिंड ओलांडली की शेजारचा प्रांत, ब्रिटिश कोलंबिया. अल्बर्टात हिवाळी टायरची सक्ती नाही, ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून आहे, किमान 'एम+एस' आणि ३.५ मिलिमीटर ट्रेड, म्हणजे नक्षीची खोली. अल्बर्टातच असलेल्या, लेक लुईसहून जास्परला जाणाऱ्या आइसफील्ड्स पार्कवेवरही १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर किंवा साखळ्या लागतात. गोल्डनच्या पुढे रॉजर्स पासला आम्ही अडकलो होतो. तिथे हिमकडे आपणहून कोसळण्याआधी कॅनडाचं लष्कर तोफा डागून ते पाडतं आणि तेवढा वेळ हायवे बंद असतो. रस्ता उघडला तेव्हा ताज्या बर्फाचा जाड थर, वर ट्रकांची रांग. एच४ टाकलं आणि गाडी रेल्वेसारखी सरळ गेली. अशा ठिकाणी फोर-व्हील आणि टायर दोघं मिळून काम करतात, आणि खरं सांगायचं तर अशा ठिकाणी ऑल-टेरेननेही काम झालं असतं.

ऑफ-रोडला मात्र मर्यादा लगेच कळतात. वायपरसकडच्या रस्त्यांवर गुडघाभर बर्फाखाली दगड आणि खोडं असतात. ब्लिझॅकची बाजूची भिंत ऑल-टेरेनच्या मानाने पातळ. दगडात जोर लावायला मी धजत नाही. खोल बर्फात हवा वीस पीएसआयच्या आसपास आणली की टायर पसरतो आणि गाडी वर राहते, हे छान जमतं. परत भरताना मजा येते. कॉम्प्रेसरचा पाइप थंडीत काठीसारखा ताठ होतो, व्हॉल्व्हची टोपी उघडायला हातमोजा काढावा लागतो आणि चौथ्या चाकापर्यंत बोटं आपली राहत नाहीत. हवा भरून होईपर्यंत बायको गाडीतून काच न उघडता सूचना देते.

हवेवरून आठवलं. पारा दर साडेपाच अंशांनी उतरला की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने उतरते. गरम गॅरेजमध्ये दाराच्या स्टिकरप्रमाणे ३२ भरली आणि उणे तीसला बाहेर पडलात तर आठ-नऊ पीएसआय गायब. मग डॅशबोर्डवर दिवा. पंक्चर समजून धावपळ करू नका. सकाळी बाहेर उभ्या असलेल्या थंड टायरची हवा मोजा आणि तेव्हाच भरा.

खर्च: चार टायर, चार स्टीलच्या रिम आणि हवेच्या दाबाचे चार सेन्सर मिळून दोन हजार डॉलरच्या वर गेले. रिम वेगळ्या घ्याच. दर मोसमात त्याच रिमवर टायर काढ-घाल करण्याची मजुरी दोन-तीन वर्षांत रिमची किंमत काढते, आणि टायरच्या कडाही खराब होत नाहीत. सेन्सर वाचवले तर दिवा सगळा हिवाळा डोळे वटारत राहतो आणि खरंच हवा गेली तर कळत नाही. बसवणाऱ्या दुकानाबद्दल मात्र तक्रार आहे. नाव घेत नाही. त्यांनी नट गनने इतके आवळले होते की घरी पाना लावून वर उभा राहिलो तेव्हा कुठे पहिला सुटला. हे उणे वीसला रस्त्याच्या कडेला समजलं असतं तर? टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) घ्या, मॅन्युअलमधला आकडा बघा, शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. स्टेपनीचाही विचार करा. माझी स्टेपनी जुन्या ऑल-टेरेनची आहे, घेर किंचित वेगळा. ती लावलेली असताना एच४ वापरायचं नाही.

पुण्याहून दोघांनी विचारलं की थार घेऊन हिवाळ्यात मनाली-स्पितीला जायचं तर असले टायर घ्यावेत का. चार दिवसांच्या बर्फासाठी नको. पुणे ते मनाली एवढं गरम डांबर हे रबर खाऊन टाकेल. चांगले ऑल-टेरेन, चारही चाकांना बसतील अशा साखळ्या, आणि त्या घरासमोर एकदा चढवून बघण्याची तयारी, एवढं पुरे. आणि हो, बर्फ पडल्यावर फोर-बाय-फोरला पुढे सोडतात म्हणून उतारावरचा ब्रेक विसरू नका.

टायर आता तळघरात काळ्या पिशव्यांत आहेत, प्रत्येकावर खडूने कुठलं चाक ते लिहिलंय. झीज मागच्या दोनांची जास्त, अपेक्षेप्रमाणे, म्हणून ऑक्टोबरमध्ये ते पुढे जातील. पोकळ्यांचं खास रबर ट्रेडच्या साधारण वरच्या अर्ध्या भागातच असतं, त्याखाली बर्फाळ रस्त्यावर त्यांचा भरवसा उरत नाही. माझ्या अंदाजाने अजून दोन हिवाळे, फार तर तीन.