युडब्ल्यूसी: वेल्स की मुळशी?
युडब्ल्यूसी म्हणजे युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस, वेगवेगळ्या देशांच्या मुलांना एकत्र शिकवणाऱ्या कॉलेजांची साखळी. वेल्सचं अटलांटिक आणि मुळशीचं महिंद्रा ही त्यातली दोन. दोन्हीकडे दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा (अकरावी-बारावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम), निवासही आवारातच. फरक परिसराचा.

अटलांटिक कॉलेज १९६२ मध्ये, ऐन शीतयुद्धात, जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या कल्पनेतून वेल्समधल्या समुद्राकाठच्या किल्ल्यात सुरू झालं. आज जगभर वापरली जाणारी कडक तळाची, हवा भरून फुगवलेल्या कडांची बचावनौका तिथेच घडली. वेगवेगळ्या देशांची मुलं एकाच बोटीत बसून बुडणाऱ्याला वाचवायला निघायची. शांततेचं याहून खरं शिक्षण मला माहीत नाही.

महिंद्रा कॉलेज १९९७ चं, पुण्याजवळ मुळशीच्या डोंगरावर. समुद्र नाही, पण पावसाळा आणि आजूबाजूची गावं आहेत. मराठी मुलांना ते घराजवळचं म्हणून दुय्यम वाटतं, ते चूक आहे. तरीही मिळालं तर वेल्सला जा. सोळाव्या वर्षी परकं असणं अनुभवायलाच हवं.