उद्यमनगरातलं मॅग्नेटचं दुकान आणि वहिनींच्या गिरणीची दांडी

आमच्या वहिनींची चटणीची गिरणी कोल्हापुरात मंगळवार पेठेत आहे. मार्चपासून मे संपेपर्यंत तिथं बायकांची रांग असते. प्रत्येकीची मिरची वेगळी, भाजणी वेगळी. दोन डंक आणि एक पल्व्हरायझर. लोखंड लोखंडावर आपटलं की बारीक कीस पडणारच, म्हणून चटणी खाली पडते त्या वाटेवर चुंबकाची दांडी बसवतात. गेल्या वर्षी वहिनींनी ती ऑनलाइन मागवली. जाहिरातीत ‘१२,००० गॉस’ असं ठळक अक्षरांत होतं; गॉस म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप. तीन महिन्यांनी दांडीला काही चिकटेना, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. गॉसमीटर लावून बघितलं तर जेमतेम ६,५००.

माझी सगळी नोकरी चुंबकं बनवण्यातच गेली, त्यामुळं पहिला प्रश्न विचारला तो हाच: दांडी धुता कशानं?

“उकळत्या पाण्यानं. चटणीचं तेल दुसऱ्या कशानं निघतंय?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. विकणाऱ्यानं ग्रेड कुठंच लिहिली नव्हती आणि गरम पाण्याचा इशाराही दिला नव्हता. साधं निओडिमियम चुंबक साधारण ८० अंशांपर्यंतच टिकतं. उकळतं पाणी त्याच्या पुढं जातं, आणि पल्व्हरायझरमधून पडणारी चटणीही काही थंड नसते.

म्हणून उद्यमनगर गाठलं. वाइंडिंगच्या दुकानांच्या ओळीतलं छोटंसं दुकान, वर पत्रा. काउंटरला एक खिळा नाही, सगळं लाकूड. चुंबकाच्या चकत्या थर्माकोलच्या तुकड्यांनी एकमेकींपासून लांब ठेवलेल्या, कारण दोन मोठ्या चकत्या एकमेकींवर आदळल्या तर काचेसारख्या फुटतात. हे बघूनच मला माणूस कामाचा वाटला. मी गॉस विचारायच्या आधीच ते म्हणाले, “मॅडम, माल किती गरम पडतोय ते सांगा आधी.”

हा प्रश्न ऐकून मला किती बरं वाटलं, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. करून मी पीएच.डी.ला नाव घातलं ते १९८४ साली. तोवर चांगलं चुंबक म्हणजे समेरियम-कोबाल्ट. १९६०च्या दशकात कार्ल स्ट्रनाट यांच्या कामातून ते पुढं आलं. उष्णतेला ते घट्ट, पण कोबाल्ट महाग, आणि तो जिथून यायचा त्या झाईरमधल्या (आताच्या काँगोतल्या) १९७८च्या लढाईनं त्याचे भाव आणखी भडकले. मग १९८२ मध्ये जपानच्या सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये मासातो सागावा यांनी निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं चुंबक बनवलं. अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट त्याच सुमाराला वेगळ्या वाटेनं त्याच संयुगापाशी पोचले. सागावांच्या पेपरची झेरॉक्स आमच्या सरांनी टेबलावर ठेवली आणि माझा विषय त्या दिवशी बदलला. स्वस्त लोखंडातून एवढी ताकद! पण ३१२ अंशांना या संयुगाचं चुंबकत्व पार संपतं, आणि त्याच्या कितीतरी आधीच ते ढिलं पडायला लागतं. सागावांनी त्यात डिस्प्रोशियम नावाचा दुर्मिळ धातू थोडा घालून ते गरमीत टिकवलं. तेवढ्याच ताकदीसाठी डिस्प्रोशियम कमी कसं लागेल, यातच माझी बावीस वर्षं गेली.

दुकानदार डिस्प्रोशियमचं नाव घेत नाहीत. ते म्हणतात, “एसएच घ्यायला लागंल.” अर्थ तोच. एसएच म्हणजे १५० अंशांपर्यंत चालणारी ग्रेड. गंमत अशी की डिस्प्रोशियम घातलं की थंड असताना गॉस थोडे कमीच दिसतात, कारण त्याचं चुंबकत्व लोखंडाच्या उलट दिशेला असतं. नुसता आकडा बघून घेणारा गिऱ्हाईक इथंच फसतो. आमची नवी दांडी १०,८०० दाखवते आणि मला ती त्या १२,०००च्या दांडीपेक्षा शंभरपट आवडते.

जुनी दांडी पुन्हा चार्ज होईल का, असं विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, परवडणार नाही. आत चकत्या एकमेकींकडं सारखे ध्रुव करून, मधे लोखंडी तुकडे घालून बसवलेल्या असतात, आणि सगळं खोलून एकेक चकती चार्ज करावी लागते. नवीन विकायला मिळावी म्हणून मारलेली थाप नव्हती ती. मीही तेच म्हटलं असतं.

पंचवीस मिलिमीटर जाडीची, फूटभर लांब दांडी, वरून स्टेनलेसची नळी, ३,४०० रुपये. तक्रारी दोन. चार दिवसांचा वायदा केला आणि नऊ दिवस लावले, तेही ऐन सीझनमध्ये. आणि बिलावर नुसतं ‘मॅग्नेट रॉड’ लिहिलं होतं, ‘एसएच’ मी मागं लागून लिहून घेतलं. तुम्हीही घ्या. एप्रिल २०२५ मध्ये चीननं डिस्प्रोशियम आणि त्याची चुंबकं परवान्याशिवाय बाहेर पाठवायची नाहीत असं ठरवलं, तेव्हापासून साधा माल एसएच म्हणून खपवायचा मोह कुणालाही होईल.

पहिल्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी नळीतून चुंबक ओढून काढलं आणि नळीवरचा कीस पांढऱ्या कागदावर झाडला. चमचाभर काळी, मिशीच्या केसांसारखी टोकदार पूड, मधे मिरचीचा लाल कण. वहिनी बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हळदीच्या गिरणीलाही एक सांगून ठेवा.