एकच जेट दोनदा विकत घेतल्याची हकीकत

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरातील एका गॅरेजवाल्याने जेट नावाच्या, बारीक छिद्रातून पेट्रोल मोजून सोडणाऱ्या, पितळेच्या एका बोटभरही नसलेल्या तुकड्याचे माझ्याकडून दोनदा पैसे घेतले, आणि त्याच तुकड्यापायी माझ्या पुतण्याने वर्षभर खपून उभे केलेले इंजिन निकामी झाले. रक्कम फार मोठी नव्हती. तरीही कार्बोरेटरचे, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचे, काम बाहेर देणाऱ्या कोणाच्याही बाबतीत हे घडू शकते, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

पुतण्या यांत्रिकी पदविकेला आहे. होटगीच्या बाजूला आमची थोडी शेती आहे. तिथे जुन्या पॉवर वीडरचे (तण काढायच्या यंत्राचे) १९६ सीसीचे, दोरी ओढून सुरू होणारे इंजिन पडून होते. त्याने लोखंडी पाइपांची लहान चौकट जोडून त्यावर हे इंजिन बसवले आणि एक बुटकी मिनीबाइक तयार केली. नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, हे त्याला मी पहिल्या दिवशीच बजावले होते, त्यामुळे ती बांधापलीकडे कधी गेली नाही. मूळ कार्बोरेटर काढून त्याने २२ मिलिमीटरचा, आत सुई असलेला कार्बोरेटर बसवला, हवेची गाळणी मोकळी केली आणि सायलेन्सरही बदलला. या तिन्ही बदलांनी इंजिनात हवा जास्त जाऊ लागली, पेट्रोल मात्र तेवढेच राहिले. परिणामी पूर्ण रेस दिली की इंजिन अडखळायचे.

याच तक्रारीसाठी आम्ही त्या गॅरेजमध्ये गेलो. त्याने गाडी ऐकली, स्पार्क प्लग काढून पाहिला आणि मेन जेट लहान पडते आहे असे सांगितले. हे निदान अगदी बरोबर होते. रेस थोडी असताना पायलट जेट काम करते, मधल्या टप्प्यात सुई, आणि पाऊण रेसच्या पुढे सगळी भिस्त मेन जेटच्या छिद्रावर असते. त्याने आणखी एक कारण जोडले: ‘साहेब, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, जेट मोठंच लागणार.’ आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की इथेनॉलचे नाव काढल्यावर मला वेगळा पुरावा मागावासा वाटला नाही. शिवाय तेही खरेच होते. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा भाग पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन आठेक टक्के जास्त द्यावे लागते. बाहेरून मागवलेल्या जेटचे १,८०० आणि मजुरीचे १,४०० असे ३,२०० रुपये मी रोख दिले. पावती मागितली तेव्हा पुस्तक संपले आहे असे उत्तर मिळाले, आणि मी ते मान्य केले.

दोन दिवस गाडी सुरेख पळाली. तिसऱ्या दिवसापासून काळा धूर येऊ लागला, प्लग काजळीने माखला आणि इंजिनच्या ऑइलला पेट्रोलचा वास येऊ लागला. आम्ही परत गेलो. या वेळी कारण उन्हाळ्याचे निघाले. मे महिन्यातली सोलापूरची दुपार, हवा तापून विरळ झालेली, विरळ हवेला पेट्रोल कमी लागते, म्हणून उन्हाळ्याचे वेगळे जेट टाकावे लागेल, असे त्याने समजावले. विरळ हवेला लहान जेट लागते हेही खरे आहे. दोन्ही वेळी त्याने सांगितलेले शास्त्र खरे होते. खोटा होता तो त्याच्या हातातला माल. मी आजवर फसवणूक म्हणजे खोटे बोलणे एवढेच समजत होतो, त्यामुळे खऱ्या बोलण्यापुढे मी पूर्ण निःशंक झालो. दुसऱ्या ‘जेट’चे व मजुरीचे मिळून २,६०० रुपये मी मोबाइलवरून पाठवले. त्याच बैठकीत गव्हर्नर काढून टाकण्याचाही सल्ला त्याने दिला होता, तो मात्र मी ऐकला नाही. या जातीच्या इंजिनचा वेग गव्हर्नर मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या आसपास रोखून धरतो. तो काढला तर बिडाचे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनबरोबर फिरणारे जड चाक, फुटून तुकडे अंगावर येण्याचा धोका असतो, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना असले सल्ले सहज दिले जातात याचा मला आजही संताप येतो.

धूर गेला. पण पूर्ण रेसवर इंजिन आता भयंकर तापू लागले, आणि दोनएक आठवड्यांत दोरी ओढताना हाताला पूर्वीचा जोर लागेनासा झाला, म्हणजे सिलिंडरमधला दाब कुठूनतरी गळत होता. गॅरेजवाल्याने बोअरिंग करावे लागेल, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्यावा लागेल, ७,५०० रुपये होतील, असे सांगितले. तेव्हा कुठे आम्ही गाडी परत आणली आणि फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी कार्बोरेटरच्या तळाचा, पेट्रोल साठणारा फ्लोटचा कप उतरवला, मेन जेट काढले, उन्हाकडे धरले आणि भिंग माझ्या हातात दिले.

पितळी जेटच्या आत चांदीसारखा पांढरा थर दिसत होता. ते कथलाचे डाग होते. मूळ छिद्र आधी ड्रिलने मोठे केले होते, मग कथील भरून बुजवले होते आणि त्यात पुन्हा बारीक भोक पाडले होते, तेही मध्यावर नव्हते. बाहेरच्या अंगावर जिथे आमच्या जुन्या जेटचा ९५ (म्हणजे ०.९५ मिलिमीटर) हा आकडा होता, तिथे कानस फिरवलेली होती. ‘सर, पैसे तुम्ही दोनदा दिले, पण हे जेट तुमचंच आहे. नवीन काही घातलंच नाही त्यानं,’ चाचा म्हणाले. षटकोनाच्या एका कोपऱ्यावर पुतण्याच्या पान्याने पूर्वी पडलेला ओरखडा तसाच होता, आणि कार्बोरेटर बसवला त्या दिवशी काढलेल्या छायाचित्रातही तो स्पष्ट दिसतो.

चाचांनी ड्रिलच्या कथलाबाहेर उरलेल्या खुणेवरून पहिले भोक १.१० मिलिमीटरच्या घरात असावे असे मोजून काढले. ०.९५ वरून १.१० ऐकायला क्षुल्लक वाटते, पण छिद्राचे क्षेत्रफळ त्याने एक तृतीयांशाहून जास्त वाढते, तर इथेनॉलच्या आठ टक्क्यांसाठी व्यास ०.९९ पर्यंत नेला तरी पुरे. मोकळ्या हवेसाठी जेटच्या क्रमांकाची आणखी एखादी पायरी धरली तरी हिशेब तिथे पोचत नाही. दुसऱ्या वेळचे भोक उलट इतके बारीक होते की पूर्ण रेसवर मिश्रण लीन होऊन, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडून, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची) कड जळली होती. सिलिंडर शाबूत होता. बोअरिंगची गरजच नव्हती.

कार्बोरेटर दोन नटांवर बसलेला असतो आणि मेन जेट काढायला दहा मिनिटेही लागत नाहीत, तेव्हा हे काम समोर उभे राहूनच करून घ्यावे आणि काढलेले जुने जेट आपल्या हातात मागावे. नव्या जेटवर कोरलेला आकडा वाचावा. मात्र काही कंपन्यांचा आकडा छिद्राचा व्यास सांगतो तर काहींचा पेट्रोल वाहण्याचे माप सांगतो, म्हणून जेट त्याच कंपनीचे आहे ना हेही विचारावे. छिद्र आतून गुळगुळीत आणि चकचकीत हवे, ड्रिलच्या पिळाचे ओरखडे दिसले तर ते घेऊ नये. आणि कोणी एकदम तीन-चार पायऱ्या मोठे जेट घालत असेल तर त्याला थांबवावे. एक पायरी बदलायची, पूर्ण रेसवर थोडे पळवून तिथेच इंजिन बंद करायचे आणि प्लगचा रंग पाहायचा, असाच हा क्रम आहे. फिकट तपकिरी रंग आला की जमले, पांढरा आला तर पेट्रोल कमी पडते आहे.

मी जाब विचारला तेव्हा गॅरेजवाल्याने आवाज चढवला नाही. विनापरवाना गाडीची तक्रार कोण ऐकणार, एवढेच तो म्हणाला. या एका वाक्याच्या भीतीने किती पोरे गप्प बसली असतील, हा विचार मला आजही सोडत नाही. खासगी शेतात चालणाऱ्या यंत्राचा भाग विकत घेणारा माणूसही ग्राहकच असतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे आणि त्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. पावती नसली तरी २,६०० रुपयांची मोबाइलवरील नोंद आणि छायाचित्रे माझ्याकडे आहेत.

नवा व्हॉल्व्ह बसवून चाचांनी तो जिथे टेकतो त्या सीटवर घासून दिला, आणि १०० क्रमांकाचे जेट पुतण्याने स्वतःच्या हाताने फिरवून बसवले. कथील भरलेले जेट मी एका पाकिटात बंद करून ठेवले आहे. आतला थर दिसावा म्हणून ते मधोमध कापावे असे पुतण्याचे म्हणणे होते, पण आयोगापुढे ते अखंडच दाखवायचे आहे.