गी की नो-गी? माझ्या बोटांनी दिलेला कौल

जिउ-जित्सू, म्हणजे पकडींची कुस्ती, शिकायचं नक्की झालंय, पण एका जिममध्ये गी (ज्युडोसारखा जाड कापडाचा कोट-विजार) घालून शिकवतात आणि दुसऱ्यात नो-गी, म्हणजे नुसत्या अंगाला घट्ट बसणाऱ्या रॅश गार्डवर, असा पेच बऱ्याच जणांना पडतो. मी पावणेदोन वर्षं गीमध्ये काढली, गेलं वर्षभर नो-गी करतोय. फी, वेळा, पट्टे हे चौकशीला गेलात की कळेलच.

गीचा मोठा गुण म्हणजे खेळ सावकाश होतो. कॉलर, बाही, विजारीचा गुडघा, धरायला जागाच जागा. नुसता हिसडा देऊन सुटता येत नाही, सोडवणूक नीट शिकावीच लागते. शिवाय समोरच्याच्या कॉलरनेच त्याचा गळा आवळण्यातली मजा रॅश गार्डमध्ये कुठली? बो-अँड-ॲरो चोक या कॉलरने गळा आवळायच्या डावाविना मला अजूनही चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मग गी सोडून नो-गीकडे का वळलो? बोटांमुळे. हसाल, पण खरंच. बाही मुठीत घट्ट धरायची आणि समोरच्याने पाय रोवून हात ओढायचा, की सगळा ताण बोटांच्या मधल्या सांध्यांवर. आधी फक्त क्लासनंतर दुखायची. पुढे सकाळी मूठच मिटेना, शर्टाचं वरचं बटण लावताना नाकी नऊ. टेप गुंडाळली. पकड लवकर सोडायची सवय लावून पाहिली, पण पकड सोडली की गीमधला अर्धा खेळ गेलाच म्हणायचा. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्याला हे परवडेना. एकदा बरणीचं झाकण उघडेना म्हणून मुलीच्या हातात दिलं. तिने ते उघडलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

नो-गीत पकड मनगटाला, मानेमागे, काखेखालून, कमरेभोवती. जोर तळहाताचा आणि दंडाचा. दोनेक महिन्यांत मूठ मिटायला लागली. अर्थात ही माझी बोटं, तुमची दणकट असतील. घाम फुटला की आर्मबारमधून (कोपर उलटं ताणायचा डाव) समोरच्याचं कोपर साबणासारखं निसटतं आणि चिडचिड होते, हेही सांगून ठेवतो. पण त्यामुळेच मी घाई सोडून आधी पोझिशन पक्की करायला शिकलो. गिलोटिन (समोरून मान आवळायचा डाव), मागून लावायचा चोक, किमुरा (हात पिळायचा डाव) तर दोन्हीकडे चालतात.

नो-गीत जपायचं ते हील हुकला. टाच धरून पाय पिळला की ताण गुडघ्याच्या लिगामेंटवर जातो, आणि दुखायला लागेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत गीमध्ये तो कुठल्याच पट्ट्याला चालत नाही. नो-गीत २०२१पासून चालतो, तोही प्रौढ गटातल्या ब्राउन आणि ब्लॅक बेल्टनाच. तेव्हा नवख्यांवर हील हुक लावू देतात का, हे आधी विचारा. ‘दुखलं की टॅप करायचं’ (हाताने थापटून हार मानायची) एवढंच उत्तर मिळालं तर मी तरी तिथे नाव घालणार नाही.

टॅप करण्यात लाज कसली? १९५१मध्ये जपानी ज्युडोपटू मासाहिको किमुराने हात पिळला तेव्हा ब्राझीलच्या जिउ-जित्सूतला दिग्गज एलिओ ग्रेसीने टॅप केलं नाही, शेवटी एलिओच्याच बाजूने हार मानून टॉवेल टाकला. ते थोर लोक. आपल्याला सकाळी कामाला जायचं असतं.

दोन्ही जिममध्ये एकेक क्लास मॅटबाहेर बसून बघा. भिंतीवरची पदकं मोजू नका, टॅप झाल्यावर पकड किती चटकन सुटते ते पाहा. त्यात गीवाले उजवे वाटले तर खुशाल तिकडे जा. टेपचं एक रिळ मात्र बॅगेत असू द्या.