सॉफ्टवेअरसोबत आलेला सिंथ वापरावा की बाहेरचे प्लगइन बसवावे?

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत मिळणाऱ्या सिंथवर (संगणकात वाद्याचे आवाज घडवणाऱ्या प्रोग्रामवर) भागवावे की बाहेरची प्लगइन (त्या सॉफ्टवेअरला वेगळे जोडायचे प्रोग्राम) बसवावीत, असा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांनी दोन्हींचे नमुने एव्हाना ऐकले असतील, त्यामुळे ऑसिलेटर (मूळ ध्वनिलहर निर्माण करणारे भाग) किती आणि फिल्टर कोणते याची उजळणी येथे करत नाही. मी काही वर्षे दोन्ही प्रकार वापरले आणि हळूहळू एका बाजूला झुकलो. त्याचे कारण आवाजाचा दर्जा नव्हता, एवढे आधीच सांगून टाकतो.

आवाजापुरते बोलायचे तर बाहेरची प्लगइन बहुतेकदा सरस असतात, हे मान्यच करावे लागेल. व्हायटल या बाहेरच्या सिंथमध्ये वेव्हटेबल (ध्वनिलहरींच्या आकारांचा संच) पडद्यावर बदलताना दिसते आणि एलएफओचा, म्हणजे आवाजात संथ चढउतार आणणाऱ्या लहरीचा, आकार माऊसने हवा तसा ओढता येतो, त्यामुळे एखादा आवाज असा का येतो आहे हे डोळ्यांनाही कळते. त्या मानाने लाइव्ह या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला ऑपरेटर हा अंगभूत सिंथ हिशेबाच्या वहीसारखा रूक्ष दिसतो, जरी त्याच्या चार ऑसिलेटरांतून निघणारा एफएम (एका लहरीने दुसरीची वारंवारता बदलून घडवलेला) बेस मला आजही आवडत असला तरी. मात्र ड्रम, बेस आणि गायन मिक्समध्ये येऊन बसल्यावर मागचा पॅड (पार्श्वभूमीला लांबवर वाजत राहणारे सूर) अंगभूत सिंथचा आहे की बाहेरच्या प्लगइनचा, हे मला डोळे मिटून ओळखता आलेले नाही. माझे कान तेवढे तयार नसतील, ही शक्यता अर्थातच आहे. लेटन्सीचा, म्हणजे कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराचा, मुद्दा या निवडीत जवळजवळ येतच नाही, कारण 44,100 हर्ट्झला 256 सॅम्पलांचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) ठेवला की सुमारे 5.8 मिलिसेकंद जातातच, सिंथ कोणताही असो.

माझा निर्णय झाला तो एका जुन्या प्रोजेक्टमुळे. संगणक बदलल्यानंतर चार वर्षांपूर्वीचे एक गाणे पुन्हा मिक्स करण्यासाठी मी उघडले. ट्रॅक जागेवर होता, मिडीचे (सुरांच्या नोंदींचे) ठोकळे रांगेने दिसत होते, प्लेहेड त्यांच्यावरून सरकत होता, पण मीटर हलत नव्हता. सिंथच्या जागी नुसती राखाडी पट्टी आणि तिच्यावर प्लगइनचे नाव. प्लगइन पुन्हा बसवले, तर त्याने परवाना मागितला. परवाना दिला, तर ठरलेल्या संख्येइतके संगणक आधीच नोंदवलेले असल्याचे कळले, आणि त्यांतला एक रद्द करावा तर तो संगणकच माझ्यापाशी उरला नव्हता. उत्पादकाच्या मदत विभागाने चार दिवसांनी, अगदी सौजन्याने, तिढा सोडवला. पण ते चार दिवस मी एका पॅडवाचून अडून बसलो होतो.

हे असे होते, कारण प्रोजेक्टच्या फाइलमध्ये आवाज नसतोच. तिथे सूर कधी आणि किती जोराने वाजवायचे याची नोंद असते, आणि सिंथच्या सगळ्या नॉबांची स्थिती एका गाठोड्यात बांधलेली असते. ते गाठोडे सोडता येते फक्त त्याच प्लगइनला. कधीकधी तर प्लगइन संगणकावर असूनही सापडत नाही. व्हीएसटी हा प्लगइन आणि सॉफ्टवेअर जोडण्याचा ठरलेला साचा; सिंथच्या व्हीएसटी 2 आवृत्तीवर केलेले काम त्याच सिंथच्या व्हीएसटी 3 आवृत्तीत आपोआप उघडेल याची खात्री नसते, उत्पादकाने तशी सोय केली असेल तरच ते जमते. आणि व्हीएसटीचा जनक असलेल्या स्टाइनबर्गनेच 2022 मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमधून व्हीएसटी 2 टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे जाहीर केले.

अंगभूत सिंथ सॉफ्टवेअरसोबतच बसतो आणि त्याच्याच परवान्यावर चालतो, त्यामुळे ही वेळ माझ्यावर त्याच्या बाबतीत अद्याप आलेली नाही. त्याची गाठ मात्र एकाच घराशी बांधलेली असते. अल्केमीचे उदाहरण घ्या: कॅमल ऑडिओचे हे प्लगइन पूर्वी विंडोजवरही चालत असे, पण 2015 मध्ये ॲपलने ती कंपनी घेतल्यावर त्याच वर्षी ते ॲपलच्या लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये सामील झाले, आणि स्वतंत्र प्लगइन म्हणून त्याची विक्री थांबली. सर्जची वाट नेमकी उलटी आहे. व्हेंबर ऑडिओचे हे विकत मिळणारे प्लगइन 2018 मध्ये मुक्त स्रोत झाले, आणि आज सर्ज एक्सटी या नावाने ते कोणतेही खाते न उघडता, परवाना न मागता मॅक, विंडोज आणि लिनक्सवर चालते.

म्हणून जे वरचेवर सॉफ्टवेअर बदलतात, किंवा ज्यांचे सहकारी दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर काम करतात, त्यांना अंगभूत सिंथचा आग्रह मी करणार नाही. त्यांनी सर्जसारखे बंधन नसलेले प्लगइन पाहावे. रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांपुढे तर फारसा पर्यायच नाही, कारण त्यासोबत मिळणारा सिंथ अगदीच प्राथमिक आहे. माझ्यापुरते सांगायचे तर एवढ्या वर्षांत मी तीन संगणक बदलले, सॉफ्टवेअर एकदाही बदलले नाही. बहुतेकांचे असेच होत असावे, असा माझा अंदाज आहे.

अजूनही एखाद्या गाण्याला बाहेरच्याच प्लगइनचा आवाज लागतो. तेव्हा त्या दिवशीचे काम आवरताना मी तो ट्रॅक ऑडिओ म्हणून बाउन्स करतो, म्हणजे त्याचा आवाजच फाइलमध्ये उतरवतो, आणि मिडी ट्रॅकच्या खाली म्यूट करून ठेवतो. अंगभूत सिंथच्या ट्रॅकबाबत हे करायचे माझ्या ध्यानातच राहत नाही, आणि अजून तरी त्यावाचून काही अडलेले नाही.